दाद कुणाकडे मागायची?



आपल्याकडे एक जुनी म्हण आहे. राजानं लुटलं, नवऱ्यानं मारलं आणि पावसानं झोडपलं, तर दाद कुणाकडे मागायची? गावोगावी ती थोडी बदलते, कुठे राजा आधी येतो, कुठे पाऊस. पण विचारणारीचा सूर एकच असतो. हात टेकलेल्या बाईचा सूर. उत्तर नाहीच, असं धरून विचारलेला हा प्रश्न आहे.

आज मी त्या म्हणीतल्या एका शब्दाबद्दल बोलणार आहे. दाद. दोन अक्षरांचा शब्द, रोज तोंडात असतो. सासूबाईंचा खोकला औषधाला दाद देत नाही. हळदीचा डाग साबणाला दाद देत नाही. भजनात कुणी चांगला अभंग म्हटला की आपण मान हलवून दाद देतो. आणि अन्याय झाला की दाद मागतो. इतक्या वेगवेगळ्या जागी हा एकच शब्द कसा काय आला?

तो आला फारसी भाषेतून. फारसीत दाद म्हणजे न्याय. इराणमध्ये आजही कोर्टाला दादगाह म्हणतात, म्हणजे न्यायाची जागा. आपल्या मुलखात बहामनी, निजामशाही, आदिलशाही अशा राजवटी शेकडो वर्षं होत्या आणि त्यांच्या दरबाराची भाषा फारसी होती. सरकारी कामाचे शब्द तिथून गावात आले आणि राहिले. शिवाजी महाराजांनी रघुनाथ पंडितांकडून राज्यव्यवहारकोश करून घेतला, दरबारातल्या फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले. तरी दाद, फिर्याद, अर्ज हे शब्द लोकांच्या तोंडून काही गेले नाहीत.

आता या शब्दाच्या बहिणी पाहू. फिर्याद म्हणजे मुळात आरोळी, मदतीसाठी मारलेली हाक. अर्ज हा अरबी शब्द, त्याचा अर्थ समोर मांडणे. दावाही अरबीच, म्हणजे हक्क सांगणे. विनंती आपली, संस्कृत विज्ञप्तीवरून आलेली, म्हणजे कळवणे. गाऱ्हाणं गर्हणेवरून आलं, म्हणजे दोष बोलून दाखवणे. कोकणात ग्रामदेवतेपुढे गाऱ्हाणं घालतात तेव्हा एक जण बोलतो आणि भोवती उभे असलेले सगळे प्रत्येक वाक्याला ‘होय महाराजा’ म्हणतात. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

या सगळ्या शब्दांत आपण काय करतो ते आहे. हाक मारतो, मांडतो, कळवतो, दोष सांगतो. दाद या शब्दात मात्र समोरच्यानं काय द्यायचं ते आहे. आपण दाद मागतो, तो दाद देतो. डाग साबणाला दाद देत नाही, म्हणजे साबणाचं काही चालू देत नाही. साहेब अर्जाला दाद देत नाही, तेही तसंच. मागणं एकीकडे आणि देणं दुसरीकडे, या दोन्हींना जोडणारा हा शब्द आहे. म्हणून दाद मागणं म्हणजे नुसतं रडणं नाही. मला अमुक मिळायला हवं आणि ते देणं तुमचं काम आहे, असं सांगणं आहे.

पूर्वी दाद कशी मागत? मराठेशाहीत वतनाचा, जमिनीचा कज्जा निघाला की गोतसभा बसायची. पाटील, कुलकर्णी, देशमुख, देशपांडे, बलुतेदार असे जमायचे. मागणाऱ्याला अग्रवादी म्हणत, उत्तर देणाऱ्याला पश्चिमवादी. दोघांची तकरीर, म्हणजे जबानी, लिहून घेत. सभेचा निर्णय आम्हांला मान्य राहील असं दोघांकडून आधीच लिहून घेत, त्याला राजीनामा म्हणत. आज नोकरी सोडताना राजीनामा देतात, तेव्हा तो राजी असल्याचा कागद होता. निकालाचा मजकूर महजरात लिहीत आणि त्यावर हजर असलेल्यांच्या साक्षी घालत. जिंकणाऱ्यानं सरकारात हरकी भरायची, हरणाऱ्यानं गुन्हेगारी. म्हणजे जिंका की हरा, पैसे लागायचेच.

या सभांत बाई कुठे होती? बसणाऱ्यांत ती नव्हती. कागदांत कधीकधी दिसते. पेशवे दप्तरात विधवांनी वतनासाठी, दत्तकासाठी मांडलेले कज्जे आढळतात. पण बहुतेक वेळा तिचं दुःख दुसऱ्याच्या तोंडून सांगितलेलं असतं. रांझ्याच्या पाटलाची गोष्ट आपण शाळेपासून ऐकली आहे. १६४६ सालचं शिवाजी महाराजांचं ते पत्र आज उपलब्ध आहे. पाटलानं बदअमल केला म्हणून त्याचे हातपाय तोडले, पाटीलकी काढून घेतली, असं त्यात आहे. तो बदअमल एका बाईवरचा अत्याचार होता, असं परंपरा सांगते. पाटलाचं नाव कागदात आहे, गावाचं आहे. ती बाई कोण होती, ती कुणाजवळ बोलली, हे मात्र आपल्यापर्यंत आलेलं नाही. न्याय झाला, पण दाद मागणारीचं नाव राहिलं नाही.

आता एका बाईची गोष्ट ऐका, जी स्वतः चालून गेली. महेश्वरला अहिल्याबाई होळकर राज्य करत होत्या, १७६७ ते १७९५. त्या रोज दरबारात बसून लोकांचं ऐकत. त्यांच्यानंतर माळव्यात आलेल्या जॉन माल्कम या इंग्रज अधिकाऱ्यानं त्यांच्या आठवणी गोळा करून लिहून ठेवल्या, त्यात ही हकिकत आहे. इंदूरचा एक श्रीमंत सावकार मूल नसताना वारला. तुकोजी होळकर फौज घेऊन इंदूरजवळ उतरलेले होते. त्यांना कुणीतरी भरीस घातलं की या संपत्तीत आपला वाटा घ्यावा. सेनापती दाराशी आल्यावर एकट्या विधवेनं काय करायचं? ती घरात रडत बसली नाही. तडक महेश्वरला गेली आणि अहिल्याबाईंपुढे उभी राहिली. अहिल्याबाईंनी सगळं ऐकून घेतलं. घर आणि संपत्ती हिचीच, याची खूण म्हणून तिला मानाचं वस्त्र दिलं. आणि तुकोजींना हुकूम गेला की इंदूरपासून दूर जा, माझ्या शहराला त्रास देऊ नका. तुकोजींनी तो मानला.

या गोष्टीत त्या विधवेनं तीन गोष्टी बरोबर केल्या. वेळ घालवला नाही. ज्याचं तुकोजींवर चालतं, त्याच्याकडेच गेली. आणि मला वाचवा एवढंच न म्हणता, घर माझं आहे हे तिनं मांडलं. पण या न्यायाला एक मर्यादाही होती. गादीवर अहिल्याबाई होत्या म्हणून दाद लागली. दुसरं कुणी असतं तर? माणूस चांगला असेल तर न्याय, नाहीतर नशीब. जहांगीर बादशहानं १६०५ साली गादीवर येताच आग्र्याच्या किल्ल्यावरून ६० घंटांची सोन्याची साखळी सोडली, असं त्याच्या आत्मचरित्रात आहे. कुणीही ती ओढावी आणि दाद मागावी. पण साखळी ओढायला आधी आग्र्याला पोचायला हवं.

म्हणीतला राजा झाला, आता नवऱ्याकडे येऊ.

रखमाबाई १८६४ साली जन्मल्या. अकराव्या वर्षी दादाजी भिकाजी याच्याशी लग्न लागलं, पण त्या सासरी नांदायला गेल्या नाहीत. आईकडे, सावत्र वडील डॉक्टर सखाराम अर्जुन यांच्या घरी राहून शिकल्या. १८८४ साली दादाजीनं मुंबईच्या हायकोर्टात दावा लावला, बायकोला माझ्याकडे पाठवा. इथे नीट पाहा. दाद नवऱ्यानं मागितली होती. रखमाबाई होत्या उत्तर देणाऱ्या. लग्न झालं तेव्हा मी अजाण होते, माझी संमती कुणी घेतली नाही, आणि मी या माणसाबरोबर राहणार नाही, हे त्यांचं म्हणणं. १८८५ साली न्यायाधीश पिन्हे यांनी त्यांच्या बाजूनं निकाल दिला. दादाजीनं अपील केलं. १८८७ च्या मार्चमध्ये न्यायाधीश फॅरन यांनी हुकूम केला की महिन्याभरात नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने कैद. रखमाबाई म्हणाल्या, कैद चालेल.

बावीस-तेवीस वर्षांची बाई तुरुंग पत्करते आणि नांदायला जात नाही, यानं सगळा देश हलला. कुणी शिव्या दिल्या, कुणी पाठीशी उभे राहिले. शेवटी १८८८ साली तडजोड झाली, दादाजीनं २००० रुपये घेतले आणि हुकूम बजावण्याचा हट्ट सोडला. रखमाबाई विलायतेला गेल्या, डॉक्टर झाल्या आणि परत येऊन सुरत, राजकोट इथे बायकांच्या दवाखान्यांत आयुष्यभर काम केलं. त्यांच्या खटल्यानं जो वाद पेटला तो संमतिवयाच्या कायद्यापर्यंत गेला. १८९१ साली मुलीचं संमतिवय १० वरून १२ झालं. आज ऐकताना अंगावर काटा येतो, पण त्या काळी तेवढ्यासाठीही केवढा झगडा झाला.

नवऱ्यानं मारलं तर बाईनं स्वतः कोर्टात उभं राहून दाद मागावी, असा वेगळा कायदा यायला मात्र २००५ साल उजाडलं. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचं संरक्षण करणारा तो कायदा. त्यात मारहाण थांबवण्याचा आदेश मागता येतो, राहत्या घरातून न काढण्याचा मागता येतो, खर्च, नुकसानभरपाई आणि मुलांचा ताबाही मागता येतो. पहिली तारीख शक्यतो तीन दिवसांत आणि निकाल शक्यतो ६० दिवसांत, असं त्यात लिहिलेलं आहे. प्रत्यक्षात तारखा लांबतात, हे आपण जाणतो. पण ते कलम बोट ठेवून दाखवायला आपल्या हातात आहे.

आता तिसरा, पाऊस. पावसावर फिर्याद होत नाही, हे खरं. पण १९७२ च्या दुष्काळानं एक गोष्ट शिकवली. त्या दुष्काळात आपल्या आया-आज्या खडी फोडायला, नालाबंडिंगवर, पाझर तलावावर गेल्या. सरकारची कृपा म्हणून मिळणारं हे काम हक्क का होऊ नये, असं वि. स. पागे यांच्यासारख्यांनी मांडलं, मजुरांच्या संघटनांनी मोर्चे काढले. त्यातून १९७७ साली महाराष्ट्राचा रोजगार हमीचा कायदा झाला. मागेल त्याला काम, आणि मागणी करून १५ दिवसांत काम नाही दिलं तर बेकारभत्ता. ‘मागेल त्याला’ हा शब्द बघा. पाऊस न येणं कुणाच्या हातात नाही, पण पाऊस न आल्यावर चूल पेटती ठेवणं ही सरकारची जबाबदारी आहे, हे त्यानं कायद्यात आणलं. मात्र मागणी लेखी नसेल आणि तिची पोच नसेल, तर पंधरा दिवस मोजायचे कुठून?

म्हणजे म्हणीतल्या तिघांसाठीही दाद मागायला आता जागा आहे. आणि राजाची जागा सरकारनं घेतली, तर सरकारविरुद्धही मागता येते. संविधानाच्या ३२ व्या कलमानं सुप्रीम कोर्टात आणि २२६ व्या कलमानं हायकोर्टात. त्याला रिट याचिका म्हणतात. याचिका ऐकायला मोठा शब्द, पण १९८० च्या आसपास सुप्रीम कोर्टानं साध्या पत्रालाही याचिका मानायला सुरुवात केली. शीला बारसे या पत्रकार बाईंनी मुंबईच्या तुरुंगात १५ बायकांशी बोलून कोर्टाला पत्र लिहिलं. त्यांतल्या पाच जणींनी पोलीस कोठडीत मारहाण झाल्याचं सांगितलं होतं. कोर्टानं ते पत्रच याचिका म्हणून घेतलं आणि १९८३ साली आदेश दिले. बायकांसाठी वेगळ्या कोठड्या, पहाऱ्याला बायका पोलीस, चौकशी महिला पोलिसांच्या समोरच. शीलाबाई स्वतः कैदी नव्हत्या. आत असलेल्यांचं म्हणणं त्यांनी बाहेर पोचवलं. ‘होय महाराजा’ म्हणणारं कुणी पाठीशी असलं की एकटीचं गाऱ्हाणं किती लांब जातं, ते इथे दिसतं.

आता कामाचं बोलू. आपले अर्ज कसे असतात? ‘मी गरीब, अनाथ, माझ्यावर अन्याय झाला, तरी मेहेरबान साहेबांनी कृपा करावी.’ मेहेरबान हाही फारसीच शब्द, दयाळू असा त्याचा अर्थ. कोर्टाच्या कागदावर न्यायाधीशांच्या आधी ‘मे.’ असतं ते हेच मेहेरबान. नम्रपणे लिहायला हरकत नाही. पण अशा अर्जात दुःख पानभर असतं आणि दाद एका ओळीचीही नसते. साहेबानं नेमकं काय करायचं, कधीपर्यंत करायचं, हे लिहिलेलंच नसतं. मग साहेब म्हणतो, बघतो. आणि आपण परत येतो.

दिवाणी कायद्यातच लिहिलं आहे की दाव्यात मागितलेली दाद स्पष्ट सांगितली पाहिजे. वकील मंडळी दाव्याच्या शेवटी ‘वादीची विनंती’ म्हणून अ, ब, क असे मुद्दे घालतात, ते यासाठीच. आपणही साध्या अर्जात तेच करावं. कुणाला लिहितोय. काय घडलं, कोणत्या तारखेला. माझा हक्क कशावरून, म्हणजे सातबारा, रेशनकार्ड, जॉबकार्ड, जे असेल ते. आणि शेवटी, मला काय हवं. ‘माझं नाव सातबाऱ्यावर वारस म्हणून लावावं.’ ‘मला घरात राहू द्यावं.’ एक मागणी, एक ओळ. मग सही किंवा अंगठा, आणि दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख, शिक्का. पोच नसेल तर अर्ज दिलाच नाही, असं म्हणायला समोरचा मोकळा.

पोलीस ठाण्यात आणखी एक फरक लक्षात ठेवा. अर्ज वेगळा आणि फिर्याद वेगळी. मोठा गुन्हा घडला असताना नुसता तक्रार अर्ज ठेवून घेतला, तर तपास सुरू होईलच असं नाही. दखलपात्र गुन्ह्याची खबर तोंडी दिली तरी ती लिहून घ्यायची, वाचून दाखवायची, तुमची सही घ्यायची आणि प्रत फुकट द्यायची, असा कायदा आहे. गुन्हा दुसऱ्या ठाण्याच्या हद्दीत घडला, या कारणानं परत पाठवता येत नाही. नोंद घेतली नाही तर जिल्ह्याच्या पोलीस अधीक्षकांना पोस्टानं लिहिता येतं, त्यानंतर मॅजिस्ट्रेटकडे जाता येतं.

आणि खर्च? मराठेशाहीत जिंकणाराही हरकी भरायचा, ते मघाशी सांगितलं. आज बाईला सरकारी विधी सेवेचा वकील फुकट मिळतो, तिची कमाई कितीही असो. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यात तसं आहे. तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समिती असते, फोन १५१००. शिवाय महाराष्ट्रात १९९४ च्या अधिसूचनेनं पोटगी, लग्नसंबंधातून आलेला मालमत्तेचा वाद, हिंसाचार आणि घटस्फोट या बाबतींत बाईला कोर्ट फी माफ आहे. कुणी कोर्ट फीच्या नावानं पैसे मागितले, तर हे सांगा. तातडीच्या मदतीला १८१ आणि ११२ आहेतच.

आपल्यात म्हणतात, रडल्याशिवाय आईसुद्धा पाजत नाही. खरं आहे. पण तान्ह्या बाळाला बोलता येत नाही म्हणून ते रडतं. आपल्याला बोलता येतं, आणि आता लिहिताही येतं. पुढच्या बैठकीत हप्ते गोळा झाले की एक करा. गटातल्या जिचा अर्ज कुठेतरी पडून आहे, तिला तो आणायला सांगा. मोठ्यानं वाचा आणि त्यात दादीची ओळ शोधा. सापडली तर पोच आहे का ते बघा. नाही सापडली तर तिला विचारा, बाई, तुला नक्की काय हवंय? ती जे सांगेल ते तिच्याच शब्दांत लिहा, आणि अर्ज द्यायला तिला एकटीला पाठवू नका.